बिनइंजिनाच्या विमानांचा सेनानी

५ मार्च १९४४. आसामच्या दक्षिण टोकाकडील लालाघाट येथील धावपट्टीवर सायंकाळी ग्लायडरांच्या रांगा उभ्या होत्या. लाकूड, पोलादी नळ्या आणि कापड यांपासून बनविलेल्या या विमानांना इंजिन नव्हते. डाकोटा विमानांनी दोरखंडाने ओढत त्यांना डोंगररांगांपलीकडे न्यायचे आणि जपानी फौजांच्या पिछाडीस, शंभराहून अधिक मैल आत, ब्रह्मदेशाच्या जंगलातील एका माळावर अंधारात सोडून द्यायचे, अशी योजना होती. ती आखणारे होते मेजर जनरल ऑर्ड चार्ल्स विंगेट. त्यानंतर अवघ्या १९ दिवसांनी, वयाच्या ४१ व्या वर्षी, विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

दुसऱ्या महायुद्धातील सेनानींपैकी विंगेट यांच्याइतके वादग्रस्त फार थोडे. कुणाला ते द्रष्टे वाटले, कुणाला विक्षिप्त. परंतु त्या सायंकाळी लालाघाटावर जे घडले, त्याचे मूळ वर्षभरापूर्वीच्या एका जिव्हारी लागलेल्या अनुभवात होते. याच ब्रह्मदेशातून परतताना आपले जखमी सैनिक त्यांना वाटेत सोडून यावे लागले होते.

नैनितालचा जन्म

विंगेट यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९०३ रोजी नैनिताल येथे झाला. वडील ब्रिटिश हिंदी सैन्यात अधिकारी होते. आई-वडील दोघेही प्लिमथ ब्रदरेन या कर्मठ ख्रिस्ती पंथाचे. ऑर्ड यांचे बालपण इंग्लंडमध्ये, बायबलच्या पाठांतरात आणि कडक शिस्तीत गेले. पुढे रणांगणावरही जुन्या करारातील कथा आणि नावे त्यांच्या ओठांवर असत. वुलिच येथील लष्करी अकादमीतून बाहेर पडून १९२३ मध्ये ते तोफखान्यात दाखल झाले.

वडिलांचे चुलतभाऊ सर रेजिनाल्ड विंगेट हे सुदानचे माजी गव्हर्नर जनरल. त्यांच्या प्रोत्साहनाने ऑर्ड अरबी शिकले आणि १९२८ ते १९३३ या काळात सुदानच्या संरक्षण दलात राहिले. इथिओपियाच्या सीमेवर गुलामांचे व्यापारी आणि हस्तिदंताचे चोर यांच्या मागावर लहान तुकड्या घेऊन दिवसेंदिवस हिंडायचे, असे ते काम होते. मोठ्या फौजेपासून दूर, तुटपुंज्या शिध्यावर, अनोळखी मुलखात माणूस किती टिकू शकतो, याचा धडा त्यांनी येथे घेतला.

१९३६ मध्ये त्यांची नेमणूक पॅलेस्टाइनमध्ये झाली. तेथे ते ज्यू राष्ट्रवादाचे कट्टर समर्थक बनले. १९३८ मध्ये ब्रिटिश सैनिक आणि ज्यू तरुण यांची मिळून त्यांनी रात्रीची खास पथके उभारली. पुढे इस्रायलचे सेनाप्रमुख झालेले मोशे दायान हे त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी एक. लष्करी दृष्टीने ही पथके परिणामकारक ठरली. मात्र अरब गावकऱ्यांना दिलेल्या क्रूर वागणुकीचा डागही त्यांच्यावर आहे. विंगेट यांचे चरित्र लिहिताना तो पुसून टाकता येत नाही. त्यांचा उघड पक्षपात वरिष्ठांना अडचणीचा वाटू लागला आणि १९३९ मध्ये त्यांना मायदेशी धाडण्यात आले.

इथिओपिया ते ब्रह्मदेश

युद्ध सुरू झाल्यावर मध्यपूर्वेतील सरसेनापती जनरल वेव्हेल यांनी त्यांना बोलावून घेतले. इटलीने गिळंकृत केलेल्या इथिओपियात पदच्युत सम्राट हैले सेलासी यांना परत न्यायचे होते. दोन हजारांहूनही कमी सैनिकांचे ‘गिडियन फोर्स’ घेऊन विंगेट यांनी १९४१ च्या आरंभी सीमा ओलांडली आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या इटालियन तुकड्यांना शरण यावयास लावले. ५ मे १९४१ रोजी सम्राट आपल्या राजधानीत परतले.

या यशानंतर वाट्याला आली ती उपेक्षा. दल विसर्जित झाले, हंगामी हुद्दा गेला आणि विंगेट पुन्हा मेजर झाले. कैरोतील हॉटेलात हिवतापाने फणफणलेल्या आणि निराशेने खचलेल्या विंगेट यांनी जुलै १९४१ मध्ये आयुष्य संपविण्याचा प्रयत्न केला. शेजारच्या खोलीतील अधिकाऱ्याला शंका आल्याने ते वाचले. लष्करातील त्यांची कारकीर्द संपली, असेच अनेकांना वाटले असणार.

परंतु १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेशातून ब्रिटिशांना हुसकावून लावले. वेव्हेल तेव्हा हिंदुस्थानचे सरसेनापती होते. त्यांना पुन्हा विंगेट यांची आठवण झाली. विंगेट यांनी ब्रह्मदेशाची पाहणी केली आणि आपला सिद्धांत मांडला. शत्रूच्या आघाडीवर डोके आपटण्यापेक्षा त्याच्या पिछाडीस खोलवर शिरावे, रेल्वे आणि पूल उडवावेत, रसद तोडावी. या तुकड्यांना मागून रस्त्याने काहीही पोहोचवायचे नाही. दाणागोटा आणि दारूगोळा विमानातून टाकायचा, आणि तो मागवायचा बिनतारी संदेशाने. त्यासाठी ७७ वी हिंदी इन्फंट्री ब्रिगेड उभी राहिली. तीत ब्रिटिश, गुरखा आणि ब्रह्मी सैनिक होते. मध्य प्रांतातील सागर भागाच्या जंगलात, भर पावसाळ्यात, त्यांना कठोर शिक्षण देण्यात आले. ब्रह्मी पॅगोडांच्या दाराशी सिंहासारख्या ‘चिंथे’ या रक्षक प्राण्याच्या मूर्ती असतात. त्याच नावाच्या अपभ्रंशातून या सैनिकांना ‘चिंडिट’ म्हणू लागले.

मागे राहिलेले जखमी

फेब्रुवारी १९४३ मध्ये तीन हजार चिंडिट चिंदविन नदी ओलांडून पायी ब्रह्मदेशात शिरले. मंडालेहून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग त्यांनी अनेक ठिकाणी उखडला. नंतर त्यांनी इरावतीही ओलांडली आणि तेथे ते अडचणीत आले. प्रदेश रुक्ष होता, पाणी दुर्मीळ, जपानी तुकड्या चोहोबाजूंनी जवळ येत होत्या आणि विमाने तेथवर रसद पुरवू शकत नव्हती. मार्चअखेर परतीचा आदेश आला. लहान लहान टोळ्यांत विभागून सैनिक वाट फुटेल तसे परतले.

परतले ते सुमारे २,२००. आठशेहून अधिक जण मारले गेले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले. परतलेल्यांपैकीही सुमारे ६०० जण उपासमार आणि आजार यांमुळे पुन्हा लढण्याच्या योग्यतेचे राहिले नाहीत. आकड्यांपेक्षा वेदनादायक होती ती एक अलिखित अट. ज्याला चालता येणार नाही, त्याला मागे ठेवायचे. कुणाला एखाद्या ब्रह्मी खेड्यात, कुणाला झाडाखाली, जवळ पाण्याची बाटली आणि बंदूक ठेवून. पायी चालणाऱ्या आणि रस्ता नसलेल्या फौजेला दुसरा पर्याय नव्हता. जो सैनिक जखमी झाल्यावर टाकून दिला जाणार, तो किती काळ मनापासून लढेल, हा प्रश्न विंगेट यांच्यापुढे उभा राहिला.

मोहिमेने लष्करी लाभ किती झाला, यावर आजही वाद आहे. एक अनपेक्षित परिणाम मात्र निश्चित झाला. चिंडिट ज्या डोंगरांतून आले, त्याच डोंगरांतून आपणही हिंदुस्थानात शिरू शकतो, असे जपानी सेनापती मुतागुची यांच्या मनाने घेतले. पुढील वर्षीच्या इम्फाळ-कोहिमा स्वारीचे एक बीज येथे पडले.

क्वेबेकमधील निर्णय

पराभवाच्याच बातम्या ऐकण्याची सवय झालेल्या ब्रिटनमध्ये या मोहिमेचे मोठे कौतुक झाले. ऑगस्ट १९४३ मध्ये विंगेट लंडनला पोहोचले, तेव्हा पंतप्रधान चर्चिल यांनी त्यांना जेवावयास बोलावले आणि ‘क्वीन मेरी’ जहाजातून आपल्याबरोबर थेट कॅनडातील क्वेबेक परिषदेस नेले. विंगेट यांच्या पत्नी लोर्ना तेव्हा स्कॉटलंडहून रेल्वेने पतीला भेटावयास निघाल्या होत्या. त्यांना एडिंबरोला उतरवून घेऊन या प्रवासात सामील करण्यात आले.

क्वेबेकमध्ये विंगेट यांनी अमेरिकी अध्यक्ष रूझवेल्ट आणि दोस्त राष्ट्रांचे सेनाप्रमुख यांच्यापुढे आपली मांडणी केली. त्यांची एक मागणी हलक्या विमानांची होती, जखमींना उचलून आणण्यासाठी. अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख जनरल आर्नल्ड यांनी मागितले त्यापेक्षा पुष्कळ अधिक दिले. कर्नल फिलिप कॉक्रन आणि जॉन ॲलिसन यांच्या नेतृत्वाखाली लढाऊ विमाने, बॉम्बफेकी विमाने, डाकोटा, सुमारे शंभर हलकी विमाने, काही हेलिकॉप्टर आणि शंभराहून अधिक ग्लायडर असलेले एक स्वतंत्र पथकच उभे राहिले. त्यालाच पुढे ‘फर्स्ट एअर कमांडो’ हे नाव मिळाले.

सैन्य वाहून नेणारे ग्लायडर तोवर नवे राहिले नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानबांधणीवर कडक बंधने घातली, तेव्हा तेथील तरुण बिनइंजिनाच्या उड्डाणाकडे वळले. त्यातून मिळालेल्या कौशल्याचा उपयोग जर्मनीने १० मे १९४० रोजी केला. बेल्जियममधील एबेन-एमाएल या अभेद्य समजल्या जाणाऱ्या किल्ल्याच्या छतावरच ग्लायडर उतरवून शंभराहूनही कमी सैनिकांनी तो निकामी केला. पण जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर उतरताना ब्रिटिशांचे कित्येक ग्लायडर किनाऱ्याअलीकडेच सोडले गेले आणि दोनशेहून अधिक सैनिक भूमध्य समुद्रात बुडाले. या साधनाची दोन्ही रूपे विंगेट यांच्यासमोर होती.

अमेरिकी ‘वाको’ ग्लायडरच्या पंखांचा विस्तार ८३ फुटांहून अधिक होता. दोन वैमानिक आणि १३ सैनिक, किंवा एक जीप, किंवा एक छोटी तोफ त्यात मावे. पुढचे नाक वर उचलले की आत गाडी चढविता येई. एकदा दोर सोडला की वैमानिकाला दुसरी संधी नाही. जमीन कशीही असो, उतरावेच लागते. विंगेट यांना या साधनातून हवे होते ते वेगळेच. पहिल्या ग्लायडरमधून सैनिक उतरावेत, पाठोपाठ छोटे बुलडोझर आणि अभियंते यावेत, त्यांनी रातोरात धावपट्टी तयार करावी आणि मग त्या धावपट्टीवर डाकोटा विमाने उतरावीत. ज्या विमानातून दारूगोळा येईल, त्याच विमानातून जखमी परत जातील. परतीची वाट नसलेल्या या साधनातून त्यांना परतीची वाट तयार करायची होती.

त्याची किंमत सरावातच कळली. फेब्रुवारी १९४४ मध्ये लालाघाट येथे रात्रीच्या सरावात अपघात होऊन चार ब्रिटिश आणि तीन अमेरिकी मृत्युमुखी पडले. अमेरिकी वैमानिक खचून गेले. तेव्हा ब्रिटिश तुकडीने त्यांना कळविले, की तुमच्याबरोबर कधीही आणि कोठेही उडण्यास आम्ही तयार आहोत. हा विश्वासच पुढे त्या हवाई पथकाचे बोधवाक्य झाला.

ब्रॉडवेची रात्र

इरावतीच्या खोऱ्यातील मोकळ्या माळांना ‘ब्रॉडवे’, ‘पिकॅडिली’ आणि ‘चौरंगी’ अशी न्यूयॉर्क, लंडन आणि कोलकात्याच्या रस्त्यांची नावे देण्यात आली होती. पहिल्या रात्री ब्रॉडवे आणि पिकॅडिली येथे प्रत्येकी ४० ग्लायडर उतरायचे होते. गुप्तता राखावी म्हणून या जागांवरून टेहळणी करू नये, असा विंगेट यांचा आदेश होता. कॉक्रन यांनी तो मोडला आणि शेवटच्या दिवशी छायाचित्रे घेण्यास विमान पाठविले. उड्डाणाला अर्धा तास उरला असताना ओली छायाचित्रे धावपट्टीवर येऊन पोहोचली. पिकॅडिलीवर सर्वत्र सागाचे ओंडके पसरलेले दिसत होते.

बेत फुटला काय? ब्रॉडवेवरही जपानी दबा धरून बसले असतील काय? १४ व्या सेनेचे प्रमुख जनरल स्लिम, विंगेट आणि पहिल्या तुकडीचे नेतृत्व करणारे ब्रिगेडियर मायकेल कॅल्व्हर्ट यांच्यात तेथेच विचारविनिमय झाला. त्या अर्ध्या तासात कोण काय म्हणाले, याविषयी पुढे निरनिराळ्या हकिगती सांगितल्या गेल्या. निर्णय झाला तो असा, की पिकॅडिली सोडून द्यावे आणि सर्वांनी ब्रॉडवेवर उतरावे. ते ओंडके ब्रह्मी लाकूडतोड्यांनी वाळत घातलेले होते, हे नंतर कळले.

प्रत्येक डाकोटामागे दोन ग्लायडर बांधलेले होते. सैनिकांनी लोभाने जादा दारूगोळा भरल्याने ते जड झाले होते. डोंगरांवरून जाताना कित्येक दोर तुटले. साठाहून अधिक ग्लायडर उडाले, त्यांपैकी पस्तीसच्या आसपास ब्रॉडवेवर पोहोचले. काही आसामातच उतरले, काहींना परत बोलाविण्यात आले, तर काही जपानी मुलखात भलतीकडेच कोसळले. त्यामुळे मुख्य तळ कोठे पडतो आहे, याचा जपान्यांना अंदाज येईना.

ब्रॉडवेवर शत्रू नव्हता. घात केला तो जमिनीने. पावसाळ्यात हत्तींकरवी ओंडके ओढून नेल्याने पडलेले खोल चर उंच गवताखाली दडलेले होते. पहिल्या ग्लायडरांची चाके त्यात निखळली आणि मागून येणारे ग्लायडर अंधारात त्यांच्यावर आदळू लागले. येणाऱ्यांना थांबविता येणे शक्य नव्हते. उतरताना वीसहून अधिक जण दगावले, जखमी त्याहून अधिक. वैमानिकांत चार्ली चॅप्लिन यांच्या ‘द किड’ या चित्रपटातील बालकलाकार जॅकी कूगन हेही होते.

लालाघाटावर विंगेट रात्रभर संदेशाची वाट पाहत होते. पहाटे अपयशाचा ठरलेला सांकेतिक शब्द आला आणि पुढील उड्डाणे थांबविण्यात आली. काही तासांनी दुसरा शब्द आला, यशाचा. त्या एका रात्रीत पाचशेहून अधिक माणसे शत्रूच्या पोटात उतरली होती. वाचलेल्या यंत्रांनी अमेरिकी अभियंत्यांनी दिवसभरात धावपट्टी तयार केली आणि सायंकाळपासून डाकोटा उतरू लागले. ११ मार्चपर्यंत नऊ हजारांवर सैनिक आणि तेराशेहून अधिक खेचरे व तट्टे पोहोचविण्यात आली. जंगलात ओरडू नयेत म्हणून खेचरांचे आवाज शस्त्रक्रिया करून आधीच बंद केलेले होते.

आणि जखमींना उचलण्याचे जे वचन क्वेबेकमध्ये मागितले होते, ते पाळले गेले. हलकी विमाने जंगलातील अरुंद पट्ट्यांवर उतरून जखमींना ब्रॉडवेवर आणत, तेथून डाकोटा त्यांना आसामातील रुग्णालयांत नेत. १९४३ मध्ये जे झाडाखाली सोडले गेले असते, त्यांतील अनेक जण १९४४ मध्ये घरी परतू शकले.

डोंगरातील शेवट

याच सुमारास मुतागुची यांचे सैन्य चिंदविन ओलांडून मणिपूरकडे निघाले. त्यांच्यासोबत नेताजी सुभाषचंद्र बोस यांची आझाद हिंद सेना होती. इम्फाळच्या ईशान्येस सांगशाक येथे ५० वी हिंदी पॅराशूट ब्रिगेड आणि मराठा लाइट इन्फंट्रीची एक बटालियन २२ ते २६ मार्च असे पाच दिवस प्राणपणाने जपान्यांना अडवीत होत्या. भारतीय सैनिक दोन्ही बाजूंना होते. एकीकडे साम्राज्याच्या गणवेशात, दुसरीकडे स्वातंत्र्याच्या ध्येयाने. नैनितालमध्ये जन्मलेले विंगेट साम्राज्याचे सेनानी होते आणि त्यांची सारी प्रतिभा त्याच कामी खर्ची पडली, हे भारतीय वाचकाला विसरता येणार नाही.

२४ मार्च १९४४ रोजी विंगेट यांनी ब्रह्मदेशातील आपल्या ठाण्यांची पाहणी केली, ते इम्फाळला आले आणि सायंकाळी मिचेल विमानाने लालाघाटकडे निघाले. इम्फाळच्या पश्चिमेस, विष्णुपूरपलीकडील डोंगरात ते विमान कोसळून जळाले. विमानातील सर्वजण मरण पावले. त्यांत दोन ब्रिटिश युद्धवार्ताहरही होते. अवशेषांत सापडलेल्या जुन्या पद्धतीच्या टोपीवरून विंगेट यांची ओळख पटली. काही आठवड्यांनी लोर्ना यांना पुत्र झाला.

विंगेट यांच्यामागे चिंडिटांची सूत्रे लेंटेन यांच्याकडे आली. मे महिन्यात त्यांना अमेरिकी जनरल स्टिलवेल यांच्या हाताखाली देण्यात आले आणि हलक्या शस्त्रांच्या या सैनिकांना ठाण्यांवर थेट हल्ले करण्यास जुंपण्यात आले. पावसाळा, हिवताप आणि आमांश यांनी पलटणी पोखरून निघाल्या. जूनअखेरीस कॅल्व्हर्ट यांच्या ब्रिगेडने मोगाऊंग जिंकले, तेव्हा ती जवळजवळ संपलेली होती. एक हजारांहून अधिक चिंडिट या मोहिमेत ठार झाले. इम्फाळ संकटात असताना इतकी माणसे आणि विमाने जंगलात गुंतविणे योग्य होते काय, हा स्लिम आणि त्यांच्या पक्षाच्या इतिहासकारांचा प्रश्न रास्त आहे. विंगेट यांचे समर्थक जपान्यांच्या तुटलेल्या रसदीकडे बोट दाखवितात. हा वाद मिटलेला नाही.

ग्लायडरचे आयुष्यही अल्प ठरले. त्याचा वारस त्याच पथकात होता. एप्रिल १९४४ मध्ये याच एअर कमांडोच्या एका हेलिकॉप्टरने ब्रह्मदेशात शत्रूच्या पिछाडीस अडकलेल्या वैमानिकाची आणि जखमी सैनिकांची सुटका केली. युद्धात हेलिकॉप्टरने केलेल्या सुटकेच्या आरंभीच्या प्रसंगांत त्याची गणना होते. उतरल्यावर पुन्हा वर उठणारे विमान आल्यावर एकदाच उतरणाऱ्या विमानाचे दिवस भरले.

विंगेट यांचे अवशेष आधी डोंगरातच पुरण्यात आले होते. पुढे ते इम्फाळला हलविण्यात आले. जळालेले देह वेगळे ओळखता येत नव्हते आणि विमानातील बहुसंख्य मृत अमेरिकी होते. म्हणून १९५० मध्ये सर्वांचे अवशेष एकत्रच अमेरिकेतील आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत नेण्यात आले. हिंदुस्थानात जन्मलेला आणि मणिपूरच्या डोंगरात मरण पावलेला हा ब्रिटिश सेनापती त्या अमेरिकी वैमानिकांशेजारी एकाच थडग्यात विसावला आहे. ज्यांनी त्याचे जखमी सैनिक जंगलातून घरी आणले, त्याच पथकाची ती माणसे.